भिंगरीची वीस मिनिटं

११ फेब्रुवारी

सगळं बदललं ते काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, मागून दुसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझी पाठ दुखायची थांबली.

थांबली म्हणजे पार थांबली. दीड वर्ष कमरेच्या वर ठाण मांडून बसलेलं दुखणं. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, आईने शेक दिला, बाबांनी टोमणे दिले. ("पुस्तकं टाकलीस, आता तरी पाठ हलकी व्हायला हवी होती.") कशालाच दाद दिली नाही. आणि हा काडीसारखा, हळू आवाजात बोलणारा समुपदेशक, मी त्याचं नाव श्वासबुवा ठेवलंय, म्हणाला, "दुखणं खरंच असतं. पण दर वेळी आत जखम असतेच असं नाही. कधी कधी चोर केव्हाच पळालेला असतो, धोक्याची घंटा मात्र अडकून वाजत राहते." मग डोळे मिटून श्वास मोजायला लावले आणि विचारलं, दुखायला लागलं त्या आठवड्यात काय झालं होतं?

त्या आठवड्यात मी कॉलेज सोडलं होतं.

भिंगरीपायी सोडलं. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही, म्हणून सगळा वर्ग तिला भिंगरी म्हणायचा. तिला आठ दिवस ताप आला. ताप गेला, पण अंगातलं बळ काही परत आलं नाही. प्रॅक्टिकलला यायची आणि टेबलावर डोकं टेकून पडून राहायची. एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काही झालेलं नाही हिला. सगळं डोक्यात आहे." मी स्टूल उचललं आणि फळ्यावर घातलं. प्राचार्यांनी माफीनामा मागितला. मी तो कागद त्यांच्यासमोर टराटरा फाडला आणि चालता झालो. महिन्याभरात भिंगरीचंही येणं बंद झालं.

काल त्या खुर्चीत हे सगळं आठवलं आणि मी हमसून हमसून रडलो. शेजारच्या आजींनी आपला रुमाल दिला. उठलो तर पाठ होती, दुखणं नव्हतं.

घरी येईपर्यंत डोक्यात एकच. माझी घंटा बंद होते, तर तिची का नाही? सहा महिन्यांत तिला जिना उतरवून रस्त्यावर आणीन, माझ्या शेजारून चालवीन. नाही जमलं तर नाव बदलीन.

१५ फेब्रुवारी

बुधवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच, फक्त वीस मिनिटं. आमच्या प्रेमाचा रतीब हा असा आहे.

वीस हा आकडा तिच्या ताईचा. ताई तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई-वडील नाहीत, दोघीच राहतात. आधी ताई कुठल्याशा कचेरीत जायची, आता घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. तोंडावर मी तिला ताई म्हणतो, वहीत जेलर.

तिसरा मजला. खोलीत खिडकीला जाड चादर, भिंतीवर घड्याळ नाही, मोबाईल बाहेर ठेवायचा. भिंगरीला उजेड टोचतो, आवाज टोचतो. फोनचा गजर तर कानात खिळा ठोकल्यासारखा जातो म्हणते. म्हणून वेळ लावायला स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर, गोल, पांढरा, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. वेळ संपली की आतल्या आत 'टिंग' करतो. जेलर तो वीसवर फिरवते, बाहेर जाते आणि जिन्याच्या पायरीवर बसते. पहारा!

"आज काय दुरुस्त केलंस?" मी दुरुस्तीच्या दुकानात लागल्यापासून भिंगरीचा पहिला प्रश्न हाच असतो.

"एक इस्त्री, दोन मिक्सर आणि उलटा फिरणारा एक पंखा."

"उलटा फिरून काय करायचा? गार हवा ओढून न्यायचा?"

"नाही. मालकाची अक्कल."

हसली. हसताना ती एक हात पोटावर दाबून धरते, हसू फार लांबू नये म्हणून. मग मी तिला श्वासबुवाचं सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "तुझी पाठ दुखायची राहिली ना, फार बरं वाटलं बघ."

"आता तुझी पाळी."

"मला काय बरं व्हायचं नाहीये का रे?"

मी म्हटलं, तसं नाही, आपण आता... आणि वाजला मेला टायमर.

१९ फेब्रुवारी

आज जेलरबरोबर दवाखान्यात गेलो. तपासण्यांचे कागद आणायचे होते, आणि मला डॉक्टरीणबाईंना दोन शब्द ऐकवायचे होते.

त्या म्हणाल्या, "रिपोर्ट चांगले आहेत."

"म्हणजे आजार नाही?"

"आजार आहे. आमच्या चाळणीची भोकं मोठी आहेत, त्यातून तो निसटतोय. त्याला नाव आहे, पण त्याच्यावरचं औषध माझ्याकडे नाही. खोटं कशाला सांगू?"

"मनाचं काही असेल तर?"

"मन काय शरीराच्या बाहेर भाड्याने राहतं? मनाला शांत करेल ते सगळं करा, माझी ना नाही. पण तिला ढकलू नका. ताकद संपायच्या आधी थांबायचं. आणि एक ध्यानात ठेवा, तिचा त्रास त्याच वेळी दिसत नाही. एक-दोन दिवसांनी उगवतो."

जेलर मान हलवत सगळं टिपून घेत होती, जशी काही देववाणी. मी एवढंच ध्यानात घेतलं: रिपोर्टमध्ये काही नाही, बाईंकडे औषध नाही. मग राहिलं काय? माझंच म्हणणं राहिलं की!

२० फेब्रुवारी

श्वासबुवाला गाठलं. त्याने तर हातपायच गाळले. "तुझी पाठ आणि तिचा आजार एकच, असं मी म्हणालो नव्हतो. मला तिला भेटावं लागेल, तिच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल. काही आजारांत जोर केला की माणूस पुढे जायचा सोडून मागे जातो."

भित्रा लेकाचा. स्वतःच्याच औषधावर भरवसा नाही. निघताना मात्र एक गोष्ट कामाची बोलला: "भीती मोजत बसलं की ती वाढते."

मोजतं कोण? तो टायमर.

२२ फेब्रुवारी

टायमर जेलरच्या हातून पडला. किल्ली फिरते, पण चालत नाही. आज तिने अंदाजाने वेळ धरली, तरी वीसच मिनिटं भरली असणार. तिच्या पोटातच घड्याळ आहे.

निघताना टायमर माझ्या हातात दिला. "तुझ्या दुकानात बघशील का? नवा आणला तर त्याचा आवाज वेगळा निघेल, तिला सोसेल की नाही कोण जाणे." आणि दोन पायऱ्या उतरून आली. "जपून कर हं. तुझ्याशिवाय कुणाला देणार?"

२४ फेब्रुवारी

मागचे तीन स्क्रू काढले. आत एक पट्टीची स्प्रिंग, चार दातेरी चाकं आणि शेवटी एक इवलंसं चाक, जे सारखं इकडून तिकडे डोलतं. ते डोलतं तशी टिकटिक होते. एक दाता वाकला होता. चिमट्याने सरळ केला, ब्रशने धूळ झाडली. दहा मिनिटांचं काम.

मग तसाच बसून राहिलो. ते इवलं चाक जड केलं की सावकाश डोलणार. सावकाश डोललं की टायमर मागे पडणार. वीस मिनिटं झाली हे ठाऊक असतं, म्हणून ती विसाव्या मिनिटाला थकते. ठाऊकच नसलं तर?

इस्त्री तापवली. मोठी नव्हे, सोल्डरची. चाकाच्या कडेला वितळलेल्या कथलाचा एक थेंब ठेवला.

"काय पदवीधर," मालक म्हणाले (कॉलेज सोडल्यापासून माझं नाव हेच), "झाला होता ना दुरुस्त? परत का उघडलास?"

"जरा घाईत चालतोय."

"कोण? तो की तू?"

दुकानाच्या घड्याळाशी ताडून बघितला. त्याची वीस म्हणजे आपली सत्तावीस.

ही फसवणूक नाही. प्रयोग आहे. आजारी माणसाला कडू गोळी साखरेतून देतातच ना?

२६ फेब्रुवारी

सत्तावीस मिनिटं! मनगटी घड्याळ खिशात ठेवलं होतं, अधूनमधून चोरून बघत होतो. एकविसाव्या मिनिटाला माझ्याच छातीत धडधड. तिला काही म्हणता काही नाही. एकदा नॅपकिनकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ.

"अजून वाजला नाही," म्हणाली.

"वाजेल की. काय घाई आहे?"

"काहीच नाही." आणि माझा हात ओढून आपल्या गालाखाली घेतला. "तू बोलत राहा. मला मालकाच्या गोष्टी सांग."

एवढा वेळ तिने माझा हात कधी धरला नव्हता.

१ मार्च

"आज नको." जेलर दारातच उभी. डोळे सुजलेले. "कालपासून उठून बसलेली नाही. घास उतरत नाही. मी साबण बदलला होता, त्याच्या वासानेच झालं असणार."

साबण! जिना उतरताना डोकं फिरलं होतं. हिला नोकरी नाही, संसार नाही. बहीण खाटेवर आहे तोवरच हिचं राज्य. भिंगरी उठून चालायला लागली तर ही काय करणार?

५ मार्च

आज भेटलो. सत्तावीस मिनिटं. जरा फिकी वाटली, पण चेष्टा चालूच. जाताना म्हणाली, "इतक्यात वाजला?"

मी मनातल्या मनात उडी मारली.

८ मार्च

"आज नको." साबण जुना आणला, आता दूध बंद केलंय म्हणे. पुढच्या वेळी हवा बंद करील.

९ मार्च

"टायमरला तेल घालून आणतो," म्हणून मागून घेतला. दुसरा थेंब. पस्तीस.

१२ मार्च

ही तारीख मी जन्मात विसरणार नाही.

जिना चढलो तर जेलर पायरीवरच, भिंतीला डोकं टेकून, मांडीवर प्रुफं, हातात पेन. मला आत सोडलं, टायमर फिरवला आणि परत तिथे जाऊन बसली. थोड्या वेळाने दाराच्या फटीतून बघितलं तर चक्क झोपलेली, तोंड उघडं. अशी पहारेकरीण!

भिंगरीला हळू आवाजात म्हटलं, "उभी राहतेस?"

"आत्ता?"

"आत्ता. काही होणार नाही तुला. होतं ते घाबरल्यामुळे होतं. मी आहे ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग पाय खाली सोडले. माझ्या खांद्याला धरून उठली. खाटेपासून खिडकीपर्यंत सात पावलं, मी मोजली. खिडकीशी पोचून तिने चादरीचा कोपरा बाजूला केला. खाली रस्ता, एक सायकलवाला, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे. उन्हात तिचा चेहरा मी दीड वर्षाने बघितला.

"बघितलंस?" मी म्हणालो. "बघितलंस? सगळं डोक्यातच होतं!"

ती गज धरून उभी होती. जरा वेळाने म्हणाली, "सर भेटले तर सांग त्यांना. स्टूल फुकट गेलं."

मी इतका हसलो की तोंडावर हात धरावा लागला. तीही हसली. या वेळी पोटावर हात दाबला नाही. दोन्ही हात गजांवर होते.

पस्तिसाव्या मिनिटाला वाजला तेव्हा ती परत अंथरुणात होती. मी दुकानापर्यंत पळत गेलो.

१५ मार्च

आज नको.

१९ मार्च

आज नको. दार साखळीपुरतंच उघडलं. आत डॉक्टरीणबाईंचा आवाज. मी म्हटलं, मला दोन मिनिटं भेटू द्या, ती उभी राहते हे तुम्हाला... दार बंद.

घरी आलो तर बाबा जेवत होते. म्हणाले, "काय, आज कुणावर स्टूल फेकलं?" मी ताटावरून उठून गेलो.

२२ मार्च

सांगून टाकलं. मनात ठेवणं जमेना. ताई जिन्यातच भेटली, औषधांची पिशवी घेऊन चढत होती, प्रत्येक मजल्यावर थांबत. मी वाट अडवली. म्हटलं, तुम्हीच तिला आजारी ठेवताय. म्हटलं, पस्तीस मिनिटं बसते ती, उभी राहते, चालते, माझ्याकडे पुरावा आहे. टायमरचं सगळं सांगितलं, थेंबासकट. माझा आवाज चढला होता. मला वाटलं होतं ती खजील होईल.

ती पायरीवर बसली. पिशवी शेजारी ठेवली.

"कधीपासून?"

"सव्वीस तारखेपासून."

ती बोटांवर मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकदा मोजून झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सव्वीसला. आणि पाचला. आणि बाराला." मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. "मी साबण बदलला. दूध बंद केलं. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला, रात्ररात्र पुठ्ठ्याने वारा घातला. खालच्या बाईंच्या पाया पडून त्यांची गाण्याची शिकवणी दुसरीकडे हलवली. डॉक्टरांना सारखी विचारत होते, माझं काय चुकतंय? हळूहळू बरी होत होती हो ती, मग माझं काय चुकलं?"

"पण ताई, तेव्हा तिला काहीसुद्धा झालं नव्हतं! माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

"तेव्हा," ती म्हणाली. "आणि गुरुवारी कुठे होतास तू? शुक्रवारी कुठे होतास?"

मी अडवलेली वाट सोडून बाजूला झालो.

"एकेक करून सगळं बंद केलं मी. फक्त तुला बंद केलं नाही. म्हटलं, एवढं एक तरी राहू दे तिला."

तिने मला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. शिव्या घालायला हव्या होत्या, म्हणजे मला उलट बोलता आलं असतं. ती उठली, पिशवी घेतली आणि कठडा धरून वर चढायला लागली. मी पिशवीला हात लावला, तर म्हणाली, "राहू दे. सवय आहे."

२४ मार्च

परवापासून पाठ धरली आहे. आज खाली वाकून बूट घालता येईनात. श्वास मोजले. काही उपयोग नाही.

मालकांनी विचारलं, "काय झालं रे?" पदवीधर म्हणाले नाहीत. मी म्हटलं, वजन उचललं.

२७ मार्च

दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं, आता ती कधी उठेल? म्हणाल्या, सांगता येत नाही. महिने लागतील, कदाचित जास्त. मी म्हटलं, अंदाजे? त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुला एक आकडा हवाय, माझ्याकडे तो नाही." मग पाण्याचा पेला पुढे केला.

माहीत नाही म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग यायचा. आज आला नाही.

२९ मार्च

ताईचा निरोप आला, तिला तुला भेटायचंय. पायात चपला नकोत, अंगाला कसला वास नको, बोलायचं तिनेच.

खोलीत आता चादरीवर दुसरी चादर. डोळे सरावेपर्यंत मला खाट कुठे आहे तेही कळेना. भिंगरी आडवी होती, डोळ्यांवर काळी पट्टी, कानांत कापसाचे बोळे. ताईने एका कानातला बोळा काढला आणि बाहेर गेली. या वेळी कुठलाच टायमर लावला नाही.

मी खाटेजवळ जमिनीवर बसलो. तोंड तिच्या तोंडापाशी नेलं तेव्हा शब्द कळायला लागले. मध्ये फार वेळ जात होता.

"पहिल्याच दिवशी कळलं."

"काय?"

"टिकटिक. सावकाश झालेली. दीड वर्ष... तेच तर ऐकतेय."

"मग बोलली का नाहीस?"

मला वाटलं झोपली.

"सात मिनिटं. फुकट मिळत होती." तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मग पंधरा."

मी माफ कर म्हणालो. भलतंच मोठ्याने म्हणालो असणार, कारण तिचं कपाळ आक्रसलं. मग हळू म्हणालो. तिने बोटं हलवली, म्हणून मी हात पुढे केला. तिने तो गालाखाली नेला नाही. नुसता धरला. बोटांत काही जोरच नव्हता.

"येऊ नकोस आता."

"बरी होईपर्यंत?"

"येऊ नकोस."

माझ्याकडे सांगायला किती गोष्टी होत्या. मी बदललोय. दोनच मिनिटं बसेन. दारात बसेन. नुसता जिन्यावर बसेन, तुला कळणारसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाद घालायला एवढं सगळं होतं आणि तिला ऐकायला ताकद नव्हती.

"राग नाही," ती म्हणाली. मग श्वास घेतला. मग, "तू समोर असलास ना, की मला... पुरे म्हणता येत नाही."

तेवढ्यानेच ती दमली. बोटं सुटली. मी बसून राहिलो. तिच्या श्वासाशिवाय खोलीत कसलाही आवाज नव्हता. आणखी एक मिनिट बसावं असं वाटलं. आणखी एकच. त्या एका मिनिटाने काय होणार होतं? मग हे आपण कितव्यांदा म्हणतोय ते आठवलं, आणि उठलो.

कापसाचा बोळा तिच्या कानात परत ठेवला. ताई बाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाजूला सरकली. मी बाहेर आलो. दाराची मूठ आधी पूर्ण खाली दाबली, दार चौकटीला टेकवलं, मग मूठ हळूहळू सोडली. खटका पडला तो मलाही ऐकू आला नाही.